करंदीचं सर्टिफिकेट

शाळेच्या क्लार्कने लॅमिनेशनच्या मशीनजवळ रिकामं बसू नये. धनेशला हे कळायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षाचा भुर्दंड त्याच्या मांजरीला पडला.

तसं मशीन गुणाचं होतं. एका बाजूने कागद घातला की दुसऱ्या बाजूने गरम, चकचकीत आणि जन्मभर न फाटणारा होऊन बाहेर यायचा. त्या दिवशी मुलांची ओळखपत्रं संपली आणि एक प्लास्टिक उरलं. दुसरा कुणी असता तर त्याने ते गपगुमान कपाटात ठेवून दिलं असतं. धनेश म्हणाला, वाया कशाला घालवायचं? (धनेशच्या आयुष्यातली निम्मी संकटं या एका वाक्यातून निघालेली आहेत. उरलेली निम्मी ‘त्यात काय मोठं?’ या वाक्यातून.) त्याने एक कोरा कागद घेतला, लाल स्केचपेन काढला आणि आपल्या वळणदार अक्षरात पाटी लिहिली:

‘करंदीने पास केलेली मासळीच येथे मिळेल.’

खाली जागा उरली. ती वाया कशाला घालवायची, म्हणून आणखी एक ओळ: ‘एकदा कापलेला माल परत घेतला जाणार नाही.’

पाटी मशीनमधून निघाली आणि संध्याकाळी सुगंधाच्या ओट्यावर लागली.

सुगंधा ही धनेशची बायको. सिल्व्हर पार्कच्या मागच्या बाजाराच्या गल्लीत ती मासळी विकते. (मासळी विकणारीचं नाव सुगंधा कसं, हा विनोद धनेशने लग्नाच्या दिवशी केला होता. त्यानंतर केलेला नाही.) ओटा तिच्या आईचा. आई चौक नावाच्या कोळीवाड्याहून डोक्यावर टोपली घेऊन यायची, सुगंधाला आता टेम्पो आहे. पहाटे चौकला भावाची बोट लागली की मासळी बर्फात भरून निघते, आणि इथे उतरली की सुगंधा एकेक मासा हातात घेते, कल्ला उघडते, अंगठ्याने दाबते आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकते. उजवीकडे विकायची. डावीकडची ती विकत नाही, मग गिऱ्हाईक कितीही गळ्यात पडो. तीस वर्षं हेच चाललंय.

आणि करंदी ही त्यांची मांजर. चौकहूनच आणलेली. आली तेव्हा करंदीच्या, म्हणजे बारीक कोळंबीच्या, टोपलीतून उचलली तर कुठली करंदी आणि कुठलं पिल्लू कळत नव्हतं, म्हणून ते नाव.

तर झालं होतं एवढंच. एका रविवारी पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी करंदीपुढे बांगड्याचं डोकं टाकलं. करंदीने हुंगलं, कान झटकले, मागे सरली आणि शेपटी वर करून थेट सुगंधाच्या ओट्यापाशी आली. तिथे सुगंधाने दिलेला ताजा बोंबील तिने डोळे मिटून खाल्ला. गल्लीतल्या दहा-बारा बायकांनी हे बघितलं. धनेशनेही बघितलं, आणि त्याच्या डोक्यात दिवा लागला.

“तिला ताजं-शिळं कळतं!” तो म्हणाला.

“मांजर हाय ती,” सुगंधा सुरमई कापता कापता म्हणाली. “तिला बोंबील आवडला, तिनं खाल्ला.”

“अगं पण बांगडा नाकारला की! निवड केली तिने!”

“मासळी बघायला मी हाय ना? माझी आय बघायची, आता मी बघते. आता काय मांजर बघनार?”

त्या वाक्यात थोडा राग होता. धनेशला तो ऐकू आला नाही, कारण तो मनातल्या मनात स्केचपेनचा रंग निवडत होता.

पाटी मात्र चालली. चालली म्हणजे काय, धावली! दर रविवारी करंदी ओट्याच्या कोपऱ्यात पाटावर बसायची, धनेश सगळ्यांदेखत तिच्यापुढे बोंबलाचा तुकडा ठेवायचा, ती हुंगायची, खायची, आणि धनेश टीव्हीवरच्या निवेदकासारखा हात करून म्हणायचा, “पास!” बायका टाळ्या वाजवायच्या. पोरं फोटो काढायची. ‘सिल्व्हर पार्क सख्या’ नावाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, तो चालवायच्या समिधा मॅडम. त्या दर रविवारी सकाळी साडेसातला टाकायच्या, ‘आज करंदी पास. या.’ पुढे माशाचं चित्र, मांजरीचं चित्र आणि जोडलेले हात.

सुगंधा काही बोलायची नाही. गिऱ्हाईक वाढत होतं, मासळी अकरापर्यंत संपत होती, बोलायचं तरी काय? फक्त कुणी नवीन बाई पापलेट न बघताच “मांजरीने पास केलंय ना? द्या” म्हणाली, की ती कल्ला उघडून बाईच्या नाकासमोर धरायची. बाई तोंड फिरवून म्हणायची, “अहो मावशी, राहू दे, करंदीवर विश्वास आहे.” मग सुगंधा कल्ला मिटायची.

असं वर्ष गेलं. आणि दिवाळीनंतरच्या तिसऱ्या रविवारी करंदीने बोंबील नाकारला.

म्हणजे आली ती धावतच. पाटावर उडी मारली, बोंबलावर नाक टेकवलं, तोंड लावलं, आणि एकदम ‘चीं’ करून मागे सरली. धनेशने दुसरा तुकडा ठेवला. हुंगलं, मागे. कोळंबी सोलून ठेवली. मागे. शेवटी पापलेटचा पोटाकडचा तुकडा ठेवला, जो धनेशला स्वतःला लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा मिळत नाही. करंदीने पापलेटकडे बघितलं, धनेशकडे बघितलं आणि पाटावरून उतरून ओट्याखाली जाऊन बसली.

समोर पिशवी घेऊन समिधा मॅडमच उभ्या होत्या.

“काय झालं हो?” त्यांनी विचारलं.

“उपवास असेल,” धनेश म्हणाला. (संकटात माणसाला सुचतं ते बोलू नये, हा आणखी एक धडा.)

“मांजरीचा? रविवारी?”

कुणीतरी हसलं. कुणीतरी हळूच पलीकडच्या ओट्याकडे सरकलं. समिधा मॅडमनी सुगंधाला बाजूला घेतलं. त्यांच्या भाच्याची हळद होती, तीन आठवड्यांनी, जुन्या भाईंदरला. आता इकडे हळदीचं जेवण म्हणजे काय ते सांगायला नको. लग्नाला गोडधोड, पण हळदीला मासळी पाहिजेच, आणि तीनशे माणूस जेवायला. ती सगळी मासळी सुगंधाकडून जायची होती. सुगंधाच्या आईने या भागातल्या तीन पिढ्यांच्या हळदीला मासळी पुरवलेली, आणि तो मान आता लेकीकडे आला होता.

“सुगंधाताई, राग मानू नका,” समिधा मॅडम म्हणाल्या. “तीनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. घरचे लोक विचारायला लागले तर मी काय सांगू? पुढचा नाही, त्याच्या पुढचा रविवार बघते आणि मग ऑर्डर पक्की करते.”

“बघा की,” सुगंधा म्हणाली. आवाज शांत होता. पण त्या दिवशी तिने सुरमई इतक्या जोराने कापली की कोयता पाटात रुतून बसला.

सोमवारी ग्रुपवर सगळं आलं. समिधा मॅडमनी काही टाकलं नव्हतं, पण दुसऱ्यांना हात नव्हते थोडेच? ‘करंदी नापास.’ पुढे उलटं झालेलं माशाचं चित्र. मंगळवारी ओट्यासमोर माश्या सोडून कुणी नव्हतं. मासळी तीच होती, चौकची, त्याच बोटीची. सुगंधा कल्ले उघडून बसली होती आणि बायका लांबूनच मांजर दिसतेय का ते बघून पुढे जात होत्या.

संध्याकाळी घरी आल्यावर ती पहिल्यांदा बोलली. “तीस वरसं मी हात घातला बर्फात. बोटं बधिर झाली माझी. आनि माझी किंमत ठरवनार कोन, तर मांजर. तुमच्यामुळं.”

धनेशला फार वाईट वाटलं. बायको ओरडली असती तर त्याने उत्तर दिलं असतं, त्याची त्याला सवय होती. पण ती ओरडली नाही, नुसती हात धुऊन आत गेली. करंदीला बरं करायचं आणि बायकोची हळदीची ऑर्डर वाचवायची, असं त्याने त्याच क्षणी ठरवलं. आणि धनेशने काही ठरवलं, की समजावं, आता घराची खैर नाही.

“पोट बिघडलंय तिचं,” त्याने निदान केलं. (शाळेत कुठल्याही पोराला काही झालं की तो हेच निदान करतो आणि घरी पाठवतो.) बुधवारी ओव्याचं पाणी झालं. करंदीने वाटीत पाय घातला. मग हिंग कोमट पाण्यात कालवून झाला. त्या वासाने करंदी कपाटावर जाऊन बसली आणि खाली यायला दोन तास लागले. मग कुणीतरी सांगितलं लंघन द्या. पण जी मुळात खातच नाही तिला लंघन देणार कसं, हे तिला अर्धा दिवस उपाशी ठेवल्यावर धनेशच्या लक्षात आलं. सुगंधाने मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. तिने कुणाला सांगितलं नाही, पण घरात खोकला सगळ्यांनाच आला.

गुरुवारी धनेश औषधाच्या दुकानातून जंताची गोळी घेऊन आला.

“जंत झालेत. नक्की.”

“गोळी घालनार कोन तिच्या तोंडात?”

“त्यात काय मोठं?” धनेश म्हणाला.

त्याने करंदीला टॉवेलात गुंडाळलं, मांडीवर घेतलं, तोंड उघडायला बोट लावलं मात्र! एरवी गरीब गाय म्हणावी अशी ती मांजर, पण तिने असा काही आवाज काढला की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. टॉवेल एकीकडे, गोळी एकीकडे, आणि धनेशच्या दोन्ही हातांवर ओरखडे. गोळी सोफ्याखाली सापडली. सुगंधाने ती कुटून बोंबलाच्या पातळ कालवणात मिसळली, वाटी कट्ट्यावर ठेवली आणि करंदी झोपेतून उठायची वाट बघत शेजारी गेली.

परत आली तर वाटी रिकामी.

“खाल्लं तिनं!” सुगंधाच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

“कुणी?” धनेश भाताचं ताट पुसत म्हणाला. “ते कालवण होय? मीच खाल्लं. थोडंसंच होतं, म्हटलं वाया कशाला घालवायचं? जरा कडवट लागलं. आज काय घातलंस त्यात?”

सुगंधा खाली बसली. मग तिने औषधाच्या दुकानात फोन लावला. तिकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज आला, आणि शेवटी सांगण्यात आलं की गोळी मांजरीच्या मापाची आहे, साहेबांच्या मापाने काही होणार नाही. धनेश रात्रभर पोटावर हात ठेवून पडला. काही झालं नाही, पण ते त्याला पटायला सकाळ उजाडली.

शुक्रवारी करंदीला घेऊन तो ओट्यावर गेला, म्हटलं मोकळ्या हवेत तरी खाईल. समोरच हंसाबेनचं खाकऱ्याचं दुकान. हंसाबेन कट्टर शाकाहारी. मासळीच्या गल्लीत दुकान मिळालं तेव्हापासून पंचवीस वर्षं नाकाला पदर लावून बसलेली बाई, पण सुगंधाची मैत्रीण. दुपारी दोघी एकमेकींना पाण्याची बाटली देतात, पदराआडूनच.

करंदी आली, कोळंबीकडे धावली, तोंड लावलं आणि ‘चीं’ करून मागे. मग पंज्याने गाल घासत बसली.

“धनेशभाई,” हंसाबेन दुकानातूनच म्हणाल्या, “इसको भूख नहीं है ऐसा कौन बोला?”

“पोट बिघडलंय हंसाबेन. अपचन.”

“अरे क्या अपचन! पेट खराब है तो दौड़के आती क्यूँ है? भूख तो है. खाने जाती है और डरती है. मारे साथ भी ऐसाच होता था, बत्तीसी लगाने से पहले.” त्या पदर घट्ट धरून जवळ आल्या, करंदीपाशी वाकल्या आणि ताडकन उठल्या. “हाय हाय! मोढामांथी केटली वास आवे छे! धनेशभाई, दाँत सड़ेला है इसका!”

“वास?” धनेशने करंदीचं तोंड हुंगलं. त्याला मासळीचा वास आला. मग त्याने स्वतःचा हात हुंगला. मासळीचा वास आला. शर्ट हुंगला. तोच. त्याने सुगंधाकडे बघितलं, सुगंधाने त्याच्याकडे, आणि दोघांनाही एकदमच कळलं. ज्या घरात उशीलासुद्धा बांगड्याचा वास, तिथे मांजरीच्या तोंडाला वास येतोय हे ओळखणार कोण? त्यासाठी नाकाला पदर लावणारी हंसाबेनच पाहिजे.

तासाभरात मासळीच्या टोपलीवर दुसरी टोपली बांधून करंदी रिक्षात बसली आणि जनावरांच्या दवाखान्यात पोचली. डॉक्टर सुरुची म्हणून तरुण बाई होत्या. त्यांनी टोपलीचं झाकण काढलं, एका हाताने करंदीचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताने ओठ वर केला. धनेशला जे टॉवेल गुंडाळून आणि रक्त सांडूनही जमलं नव्हतं, ते त्यांनी दोन सेकंदांत केलं.

“हे बघा.”

दोघांनी बघितलं. हिरड्या लालभडक, सुजलेल्या. मागच्या दाढांवर पिवळट, दगडासारखा थर, आणि दोन दाढा मुळापासून गेलेल्या. सुगंधाने तोंडावर हात घेतला.

“लाळ गळत होती?”

“हो, म्हटलं मासळी बघून सुटत असेल,” धनेश म्हणाला.

“अंगावरचे केस राठ झालेत. चाटत नव्हती ती. तोंड दुखतं ना. तोंडाला घाण वास येत होता का?”

धनेश म्हणाला, “मॅडम, आमच्या घरात वास येतोय म्हणजे नेमका कुणाचा, ते कसं कळणार?”

डॉक्टर हसल्या, पण थोड्याच. “जंताचं औषध कधी दिलं होतं?”

“काल,” सुगंधा म्हणाली. “पन हिला न्हाय. यांना.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. धनेशने भिंतीवरचा कुत्र्याच्या दातांचा तक्ता मन लावून वाचायला घेतला.

“आधी रक्त तपासू,” डॉक्टर म्हणाल्या, “मग उद्या भूल देऊन दात साफ करू आणि या दोन दाढा काढू. घाबरू नका. मांजरी दुखणं लपवतात, म्हणून लोक उशिरा येतात. हे आजचं नाहीये, वर्षभराचं तरी आहे. मधल्या काळात कडक खाणं टाळत असेल बघा. टणक मासा, डोकं वगैरे हुंगून सोडून द्यायची, आणि मऊ, न चावता गिळता येईल असं काही असलं तरच खायची. असं काही आठवतंय?”

धनेशला आठवलं. बांगड्याचं डोकं आठवलं, झटकलेले कान आठवले, डोळे मिटून गिळलेला बोंबील आठवला. आणि लाल स्केचपेन आठवला.

म्हणजे वर्षभर करंदी मासळी पारखत नव्हतीच. तिची दाढ दुखत होती. बांगडा चावायला लागतो म्हणून ती सोडून जायची, आणि बोंबील जिभेवर ठेवला की विरघळतो म्हणून खायची. आणि हा गृहस्थ दर रविवारी तिच्या दुखण्यापुढे उभा राहून “पास!” म्हणून ओरडत होता, वर लोकांकडून टाळ्या घेत होता.

दुसऱ्या दिवशी करंदी आत होती आणि धनेश बाहेर बाकावर रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. सुगंधाने ते बघितलं, आणि आठवडाभराचा राग बाजूला ठेवून त्याच्या हातावरच्या ओरखड्यांवर हात ठेवला.

“मुका जीव. आपल्याला पन कळायला पायजे होता,” ती म्हणाली. “मी पन रोज बघतच होती ना तिला.”

त्याने मान हलवली. “तुझी ऑर्डरही गेली माझ्यामुळे.”

“ती गेली का राहिली ते पुढच्या रविवारी बघू. पन ती पाटी काढा आधी.”

“काढतो,” धनेश म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

करंदी दुपारी शुद्धीवर आली. पहिले दोन दिवस ती भेलकांडत चालली, तिसऱ्या दिवशी शिजवून, काटे काढून, बोटांनी कुस्करलेली मासळी तिने चाटून पुसून खाल्ली, आणि चौथ्या दिवशी पहाटे चारला उठून तिने घर डोक्यावर घेतलं. वर्षभराची भूक होती ती. सातव्या दिवशी डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि सांगितलं, जखम भरली, आता काय हवं ते खाऊ दे.

‘काय हवं ते’ हे शब्द धनेशने ऐकले आणि त्याच्या डोक्यात तो जुना दिवा पुन्हा लागला.

पाटी त्याने काढली होती, पण फेकली नव्हती. (लॅमिनेशन केलेला कागद, वाया कशाला घालवायचा?) रविवारी सकाळी सुगंधा टेम्पोतून बर्फ उतरवत होती तेवढ्यात त्याने ती पुन्हा टांगली. करंदी आता बरी झालीये, म्हणजे सगळ्यांदेखत खाईल. समिधा मॅडमनी ते बघितलं की ऑर्डर पक्की. एकदाच. मग पाटी कायमची काढायची. बायकोसाठीच करतोय ना आपण?

समिधा मॅडम आल्या. मागे ग्रुपातल्या सात-आठ सख्या आल्या. धनेशने घसा साफ केला, करंदीला पाटावर ठेवलं आणि पुढे सुरमईचा जाडजूड तुकडा ठेवला. सुगंधाने वळून पाटी बघितली, नवऱ्याकडे बघितलं, पण तोवर उशीर झाला होता.

करंदीने हुंगलंसुद्धा नाही. सुरमई दोन घासांत गायब.

“पास!” धनेश ओरडला. टाळ्या पडल्या. समिधा मॅडम हसल्या आणि पर्स उघडायला लागल्या. इथे हे प्रकरण थांबलं असतं तर धनेशच्या आयुष्यात एक तरी गोष्ट नीट झाली असती.

पण करंदीचं पोट भरलं नव्हतं. तिने पाटावरून उडी मारली आणि सुगंधाच्या डाव्या बाजूला टाकलेल्या, विकायला नको म्हणून बाजूला काढलेल्या मांदेल्या फस्त केल्या. मग पलीकडच्या ओट्याखाली कालपासून पडलेलं बांगड्याचं डोकं खाल्लं, काटाकुटासकट, कडाकड आवाज करून. मग रस्ता ओलांडून हंसाबेनच्या दुकानासमोर सांडलेला मेथीचा खाकरा खाल्ला. हंसाबेन आतून म्हणाल्या, “वाह! दाँत एकदम ठीक हो गया!” शेवटी करंदी परत आली आणि समिधा मॅडमच्या पिशवीचा बंद चघळायला लागली.

“अहो, ही तर काहीही खाते!” समिधा मॅडम म्हणाल्या.

पर्स बंद झाली. सख्या एकमेकींकडे बघायला लागल्या. धनेशचा ‘पास’वाला हात अजून हवेतच होता. तो खाली कसा घ्यायचा ते त्याला कळेना.

सुगंधाने कोयता खाली ठेवला.

“समिधाताई, खरं सांगते,” ती म्हणाली. “तिची दाढ सडलेली. वरसभर. आमाला कळलं न्हाय, आमची चुकी. चावायला दुखायचं म्हणून ती मऊ तेवढं खायची. तिच्या तोंडाचा आनि माझ्या मालाचा काय पन संबंध न्हाय. तेव्हा पन नव्हता, आता पन न्हाय.” तिने एक पापलेट उचललं. “हात द्या तुमचा.”

समिधा मॅडम जरा बिचकल्या, पण त्यांनी हात पुढे केला. सुगंधाने त्यांचं बोट धरून माशावर दाबलं. “खड्डा पडतोय?”

“नाही. लगेच वर येतंय.”

“आता हा दाबा.” डावीकडचा मासा. बोटाचा खड्डा तसाच राहिला. “हा मी टाकलेला. विकनार न्हाय. आता कल्ला बघा. लाल? वास घ्या. घ्या, घ्या, मरत न्हाय. कसला येतो?”

“समुद्राचा,” समिधा मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

मग एकेक सखी पुढे झाली. वर्षभर ज्या मांजरीकडे बघून मासळी नेत होत्या, त्या बाह्या सारून पापलेटं दाबायला लागल्या. एकीने चष्मा लावून कल्ला बघितला. सुगंधा शिकवत होती, हसत होती, चुकलं की हातावर चापट मारत होती. तिचा चेहरा असा फुललेला धनेशने फार दिवसांनी बघितला, आणि त्याला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं.

“ताई, हळदीची सगळी मासळी तुमच्याकडूनच,” समिधा मॅडम हात पुसत म्हणाल्या. “आणि मी स्वतः येईन दाबायला. पण मला एक सांगा, तीस वर्षांत तुमची पारख एकदाही चुकली नाही?”

सुगंधाने जरा विचार केला. मग तिने धनेशकडे बघितलं. तो एका हातात मांजर आणि दुसऱ्या हातात रिकामा पाट घेऊन, कपाळाला माशाचं खवलं चिकटलेल्या अवस्थेत उभा होता.

“एकदा चुकली,” ती म्हणाली. “बावीस वरसं झाली. सासूकडं परत न्यायला पन निघालेली मी, पन तिच्याकडं पन हाच नियम.”

आणि तिने कोयत्याच्या टोकाने पाटीवरची दुसरी ओळ दाखवली. सगळ्यांनी ती वाचली. धनेशनेही वाचली. अक्षर त्याचंच होतं, वळणदार, आणि वर जन्मभर न फाटणारं लॅमिनेशन.